कडुनिंबाखालची वही

रविवारची सकाळ. सहा वाजून गेलेले. शाळेच्या मैदानावर चार स्कूटर उभ्या आहेत आणि त्यांच्याभोवती दहा-बारा बायका. कुणी ओढणी कमरेला गच्च बांधतेय, कुणी पदर खोचतेय. एकीला नवरा सोडायला आलाय, तर दुसरी घरी 'फिरायला जाते' असं सांगून आलीय. आणि मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर, मांडीवर शंभर पानी वही घेऊन आमच्यातलीच एकजण बसलेली. ती शिकायला आलेली नाही आणि आज शिकवतही नाहीये. ती नुसती बघतेय. बरं, बघतेय ते शिकणाऱ्या बायकांना नव्हे, तर शिकवणाऱ्या बाईला!

नवीन येणारी प्रत्येकजण पहिल्याच दिवशी मला हळूच विचारते, "ताई, त्या कोण हो? वरून तपासायला आल्यात का?" मग मला हसू येतं. आज त्या वहीचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगावी लागेल. सांगताना आजही थोडं जड जातं, पण सांगते.

आमचं गाव तालुक्याचं. एस. टी. स्टँड, बाजारपेठ, दोन कॉलेजं आणि गावाबाहेर साखर कारखाना. आमच्या महिला मंडळाने दहा-अकरा वर्षांपूर्वी ठरवलं की बायकांना दुचाकी शिकवायची. गावातले एक परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलवाले काका पुढे आले. कागदपत्रं, लर्निंग लायसन्स आणि गाड्या त्यांच्या, बायका गोळा करणं आणि मैदानावर धीर देणं आमच्याकडे. हळूहळू आम्ही चौघी मैदानावर शिकवायलाच लागलो. मी बी. ए. झालेली गृहिणी. शिकवण्याचं कुठलंही शिक्षण नाही. पण गाडी चांगली चालवते, आवाज मोठा आहे आणि बायकांशी जमतं. एवढ्या भांडवलावर मी 'स्कूटरवाल्या ताई' झाले! कितीतरी जणी माझ्या हाताखालून शिकून गेल्या. बाजारात कुणी हेल्मेट काढून 'ताई, ओळखलंत का?' म्हणालं, की छाती फुगायची. आपण छान शिकवतो, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

'तुम्ही नव्हतात ना!'

आमच्या वर्गात एक आशा सेविका होती. तिच्याकडे दोन वाड्या-वस्त्या. गरोदर बायकांच्या घरी जायचं, बाळांच्या लसीकरणाचा निरोप द्यायचा, अडल्यानडल्या वेळी दवाखान्यात सोबत जायचं. सगळं पायी, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून. तिने मोठ्या जिद्दीने गाडी शिकली. परीक्षेतला आठचा आकडा पहिल्याच फटक्यात काढला. लायसन्स हातात आलं तेव्हा तिने मैदानावर सगळ्यांना पेढे वाटले होते.

पंधरवडाही झाला नसेल. ती दिराची जुनी गाडी घेऊन कारखान्याच्या रस्त्याने निघाली होती. वळणावर कुत्रं आडवं आलं. घाबरून तिने उजव्या हाताचा ब्रेक करकचून दाबला. हँडल वळलेलं, रस्त्याच्या कडेला वाळू. गाडी घसरली. हेल्मेटला तडा गेला, पण डोकं वाचलं. मनगटाचं हाड मात्र मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

मी भेटायला गेले. वाटलं, आता रडेल, गाडीला नावं ठेवेल. तिने चहा करायला जाऊबाईंना सांगितलं आणि अगदी साधेपणाने मला म्हणाली, "ताई, ब्रेक दाबायचा हे माहीत होतं हो. पण कधी आणि कसा, तेच सुचेना. मैदानावर तुम्ही शेजारी असायचात, 'ब्रेक' म्हणायचात. तिथे तुम्ही नव्हतात ना!"

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. पण मैत्रिणींनो, मला त्या रात्री झोप लागली नाही.

डी. एड.चा जुना धडा

आमच्या चौघींत एक निवृत्त शिक्षिका आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं नोकरी झालेली. आम्ही सगळ्या त्यांना 'बाई'च म्हणतो. त्यांच्याकडे जाऊन मी मन मोकळं केलं. वाटलं होतं, त्या म्हणतील, 'अगं, तुझी काय चूक? कुत्रं मध्ये आलं.' पण बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "तू शिकवतेस तेव्हा नेमकं काय करतेस, हे आमच्यातल्या कुणी कधी पाहिलंय का गं?"

खरंच की! चौघी एकाच मैदानावर, पण प्रत्येकीचा कोपरा वेगळा. दुसरी काय करते, हे बघायला सवडच नसायची.

बाईंनी मग त्यांच्या डी. एड.च्या दिवसांतली गोष्ट सांगितली. तेव्हा सराव पाठ असायचे. एका विद्यार्थिनीने वर्गावर पाठ घ्यायचा आणि तिच्या मैत्रिणींनी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसायचं. फळ्यावर काय लिहिलं, प्रश्न कुणाला विचारले, मुलं कुठे अडली, सगळं टिपायचं. पाठ झाला की चर्चा. "प्राध्यापकांच्या शेऱ्यापेक्षा आम्हाला मैत्रिणींच्या वहीतून जास्त कळायचं," बाई म्हणाल्या. "कारण उद्या तिचा पाठ आणि माझी वही असायची!"

पुढे मी याबद्दल थोडं वाचलं, तेव्हा कळलं की जपानमधल्या शाळांत ही पद्धत फार जुनी आहे. तिथले शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण तो वर्गावर घेतो, बाकीचे बघतात आणि नंतर सगळे मिळून त्यावर बोलतात. आणि मोटारसायकल शिकवणं हीसुद्धा नुसती 'गाडी येते म्हणून शिकवली' अशी गोष्ट नाही. अमेरिकेत मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन ही संस्था १९७३ पासून त्याच कामात आहे. तिथे गाडी शिकवणाऱ्याला आधी 'शिकवायचं कसं' याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि आम्ही? आम्ही आवाजाच्या जोरावर शिकवत होतो.

नजर आणि निरीक्षण

बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मी कट्ट्यावर बसते. तू नेहमीसारखं शिकव."

खरं सांगू? माझ्या पोटात गोळाच आला. या वयात आता कुणीतरी मागे बसून माझ्या चुका लिहिणार? आपण बायका जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या नजरेखालीच असतो. पोहे देताना बघतात. लग्नानंतर सासूबाई पोळी फुगते की नाही ते बघतात, शेजारीण वाळत घातलेले कपडे बघते. त्या बघण्याने कधी कुणाची पोळी सुधारली आहे का? उलट हात थरथरतो.

मी हे बाईंना बोलूनही दाखवलं. त्या हसल्या. "ती नजर असते. नजर ठेवणारी स्वतः कधी परीक्षेला बसत नाही. मी या रविवारी बघेन, पुढच्या रविवारी तू मला बघ. आणि मी चांगलं-वाईट काही लिहिणार नाही. जे घडलं, तेवढंच लिहीन."

त्या रविवारी मी नवी साडी नेसून गेले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही!

वर्ग संपल्यावर कट्ट्यावर बसलो. बाईंनी थर्मासमधला चहा ओतला. आधी मलाच विचारलं, "आज तू काय शिकवायचं ठरवलं होतंस?" मी म्हटलं, "ब्रेक." मग त्यांनी वही उघडली आणि नुसतं वाचून दाखवलं. 'वीस मिनिटांत ताई "ब्रेक" म्हणाल्या, एकतीस वेळा. शिकणारीने आपणहून ब्रेक दाबला, एकदा. त्यावर ताई ओरडल्या, "अगं, आत्ता नाही!" ताई संपूर्ण वेळ मागचा कठडा धरून पळत होत्या.'

बस्स. एवढंच. शेरा नाही, मार्क नाहीत.

मी त्या पानाकडे बघत राहिले. आशाताईचं वाक्य त्या पानावर आकड्यांत लिहिलेलं होतं. मी तिला ब्रेक दाबायला शिकवलंच नव्हतं. मी तिला माझं ऐकायला शिकवलं होतं!

एकतीसवेळा 'ब्रेक'

यात एवढं बिघडतं काय, असं तुम्हाला वाटेल. थोडा हिशोब करू. ताशी चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. म्हणजे जवळजवळ अख्ख्या एस. टी. बसच्या लांबीइतकं अंतर. कुत्रं दिसलं, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद गेला तरी एक बस मागे पडली, आणि गाडीचा वेग अजून कमी व्हायचाय! अशा वेळी 'ताई म्हणतील' म्हणून थांबायला सवड नसते. निर्णय तिचा तिलाच घ्यावा लागतो, आणि निर्णय घ्यायची सवय मैदानावरच लावावी लागते.

दुसरी गोष्ट हाताची. स्कूटरचा ॲक्सिलरेटर उजव्या मुठीत आणि पुढच्या चाकाचा ब्रेकही उजव्याच हाताला. घाबरलं की माणूस मूठ आवळतो, मनगट आपल्याकडे ओढतं आणि गाडी थांबायच्या ऐवजी पळते. म्हणून आधी मूठ सोडायची, मग दोन्ही ब्रेक हळूहळू पण घट्ट दाबत न्यायचे, आणि होता होईल तो गाडी सरळ असताना. वळलेलं हँडल, वाळू आणि एकटा पुढचा ब्रेक, हे तिन्ही एकत्र आले की गाडी घसरते. आशाताईचं तेच झालं. त्यात आमच्या वर्गाची स्कूटर नवी. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्र ब्रेकची सोय सक्तीची झाली, त्यामुळे वर्गाच्या गाडीवर डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. मी सगळ्यांना डाव्याच ब्रेकवर निभावून नेत होते. दिराच्या जुन्या गाडीला ती सोय नव्हती. हे मी तिला सांगायला हवं होतं. आठचा आकडा आला म्हणून माझं समाधान झालं होतं. पण आठच्या आकड्यात कुत्रं आडवं येत नाही!

आणि हा प्रश्न एकट्या आमच्या गावाचा नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती.

माझी पाळी, आणि माझी चूक

मग आमचा पायंडाच पडला. दर रविवारी एकजण कट्ट्यावर. गंमत म्हणजे, शिकवताना जेवढं कळलं नव्हतं, तेवढं मला कट्ट्यावर बसून कळलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, म्हणतात ना? पण दुसरीचं कुसळ नीट बघितलं, की आपल्या मुसळाचीही आठवण होते, हा माझा अनुभव.

आमची सगळ्यांत लहान शिक्षिका समोर उभी राहून हात दाखवायची, 'हा उजवा, हा डावा'. पण शिकणारीला ते आरशातल्यासारखं उलटं दिसायचं. बिचारी गोंधळायची आणि ही म्हणायची, 'लक्ष कुठंय तुमचं?' वहीत ते टिपल्यावर तिने शिकणारीच्या बाजूला, त्याच दिशेला तोंड करून उभं राहायला सुरुवात केली. एवढ्याशा बदलाने केवढं काम झालं! स्वतः बाई दर मिनिटाला 'घाबरू नका' म्हणायच्या. मी तेवढंच लिहिलं. ते वाचून बाईच म्हणाल्या, "अगं बाई! मी तर तिला भीतीची आठवणच करून देतेय की." आता त्या म्हणतात, "समोर त्या खांबाकडे बघा." नजर पायाखाली नको, जायचंय तिकडे हवी, हे आपोआप होतं.

पण सगळंच गोड नाही झालं. आमच्यातल्या चौथ्या वहिनी जरा हळव्या. एकदा मी कट्ट्यावर होते. त्या एकीला थेट उतारावर घेऊन गेल्या. मला राहवलं नाही. मी तिथूनच, सगळ्यांच्या देखत ओरडले, "वहिनी, असं नसतं शिकवायचं!" त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, सगळं केलं, पण मैदानावर काही परत आल्या नाहीत. ती खंत माझ्या मनात कायमची आहे. धोका असेल तर वर्ग थांबवायलाच हवा, पण 'जरा थांबूया' म्हणूनही थांबवता आला असता. नजर आणि निरीक्षण यांतला फरक बाईंनी मला समजावला होता, आणि ऐनवेळी मीच सासूबाई झाले!

त्यानंतर आम्ही नियम केले. कुणाला बघायचं हे तिला आधी विचारायचं आणि आज काय बघायचं तेही तिनेच सांगायचं. वहीत फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं, मत नाही. चर्चा शिकणाऱ्या बायका घरी गेल्यावर, चहाबरोबर, आणि पहिलं बोलणं शिकवणारीचं. एका वेळी एकच गोष्ट सुधारायची. आणि वही ज्या दोघींची, ती त्या दोघींतच राहायची. मंडळाच्या बैठकीत तिचा विषय काढायचा नाही. (इथे लिहिलंय ते मात्र सगळ्यांना विचारूनच, बरं का!)

शिकवण्यातही बदल झाले. आता शेवटच्या आठवड्यात 'मौनाची फेरी' असते. शिकवणारीने तोंडातून अक्षर काढायचं नाही. मैदानात कुठेही अचानक चेंडू सोडायचा आणि शिकणारीने आपल्या मनाने थांबायचं. पहिल्या मौनाच्या फेरीत मला माझी जीभ दाताखाली धरावी लागली होती!

आम्हा कुणालाच दिसलं नाही ते

प्लॅस्टर निघाल्यावर तीन-चार महिन्यांनी आशाताई एका रविवारी मैदानावर आली. गाडी शिकायला नाही, सहज. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी वही तिच्या हातात दिली. म्हटलं, "आज तू बस कट्ट्यावर. तुला जे दिसेल ते लिही."

ती लाजली. "मी काय लिहिणार ताई? तुम्ही शिकवणाऱ्या." पण बसली.

चहाच्या वेळी तिने वही उघडली. एकच ओळ होती. 'सगळ्या गाड्या देवळाच्या प्रदक्षिणेसारख्या एकाच बाजूने फिरतात.'

आम्ही तिघी एकमेकींकडे बघतच राहिलो. गेली कित्येक वर्षं आम्ही मैदानाला डावीकडून उजवीकडेच फेऱ्या घालायला लावत होतो. परीक्षेच्या आठ आकड्याची चार दिवस तयारी सोडली, तर आमच्या बायका सगळा वेळ उजवीकडेच वळत होत्या! आणि आशाताई पडली ते वळण डावीकडचं होतं. चौघींपैकी एकीच्याही वहीत हे कधी आलं नाही, कारण चौघीही तेच करत होतो. जे सगळेच करतात, ते चूक म्हणून दिसतच नाही.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी वही शिकून गेलेल्या एखादीच्या हातात असते. अर्धा वेळ उजवी फेरी आणि अर्धा वेळ डावी.

आता कुणी पडतच नाही, असा दावा मी करणार नाही. रस्त्यावर खड्डे आहेत, ऊस वाहणारे बिनदिव्यांचे ट्रॅक्टर आहेत आणि कुत्रीही आहेतच. हेल्मेट हवंच, मागे बसणारीलाही आणि लेकरालाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून चार वर्षांवरच्या प्रत्येकासाठी ते कायद्याने सक्तीचंच आहे. पण निदान आमच्याकडून निघालेली बाई रस्त्यावर 'ताई सांगतील' म्हणून थांबणार नाही, एवढं करायचा प्रयत्न चालू आहे.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीतरी जणी काही ना काही शिकवतात. कुणी शिवणक्लास घेतं, कुणी योगवर्ग, कुणी बचत गटातल्या बायकांना हिशोब लिहायला शिकवतं. एकदा एखाद्या मैत्रिणीला म्हणून बघा, 'ये, मागे बस आणि मी काय करते ते लिही. पुढच्या वेळी मी तुझ्याकडे येते.' पहिल्यांदा पोटात गोळा येईल. येऊ द्या. वही मात्र साधीच घ्या, आणि चहा विसरू नका!

आशाताई आता पुन्हा गाडी चालवते, स्वतःची. हप्त्यावर घेतलेली. परवा बाजारात भेटली. घाईत होती, कुणाच्या तरी बाळंतपणाला जायचं होतं. मी सवयीने म्हणून गेले, "सावकाश जा गं, ब्रेक..."

ती हेल्मेटच्या आतून हसली. "ताई, मौनाची फेरी!" म्हणाली आणि डावीकडे वळून निघूनही गेली.